उतावळेपणाचे माप

प्रगतिपुस्तकातील ‘शेरा’ या रकान्यात ‘चंचल’ किंवा ‘उतावळा’ असे लिहावयास अर्धे मिनिटही लागत नाही. परंतु तो शब्द मुलाबरोबर पुढील इयत्तेत जातो, नव्या वर्गशिक्षकांच्या नजरेत जाऊन बसतो आणि सुट्टीत घरी गेल्यावर आईवडिलांच्याही तोंडी येतो. सातारा-सांगलीच्या वाड्यावस्त्यांतून, ऊसतोडीच्या फडांवरून आणि शहरांतील झोपडवस्त्यांतून शिकण्यासाठी आलेली मुले ज्या शाळेत दिवसाचे चोवीस तास राहतात, तेथे अशा शेऱ्याचे वजन अधिकच असते. म्हणूनच या स्मरणिकेच्या निमित्ताने एका शास्त्रीय प्रश्नाची ओळख माजी विद्यार्थी, पालक व हितचिंतक यांना करून द्यावी, असे आम्हांस वाटले. माणसाचा उतावळेपणा मोजता येतो का? येत असल्यास कसा? आणि त्या मापावरून एखाद्या मुलाविषयी किती बोलण्याचा अधिकार आपणांस पोहोचतो?

एका शब्दात न मावणारा गुण

मानसशास्त्रात या गुणास ‘आवेगशीलता’ म्हणतात. परिणामांचा पुरेसा विचार न करता, घाईने, मनात उसळी येईल तसे वागण्याची प्रवृत्ती, असा त्याचा ढोबळ अर्थ. ही व्याख्या वाचावयास सोपी असली तरी तिच्या पोटात निरनिराळ्या गोष्टी एकत्र कोंबलेल्या आहेत. आपल्या मराठीने त्यांना पूर्वीच वेगवेगळी नावे दिली आहेत. प्रश्न पुरता न वाचता उत्तर लिहिणारा तो धांदरट. रागाच्या भरात हात उचलणारा तो तापट. हाती आलेला पैसा त्याच दिवशी संपविणारा तो उधळ्या. हाती घेतलेले काम अर्ध्यावर टाकून दुसऱ्याकडे धावणारा तो धरसोड्या. आणि विहिरीच्या काठावरून खोली न पाहता उडी टाकणारा तो धाडसी की अविचारी, हे उडी कशी साधली यावर गाव ठरविते. या पाच जणांना आपण कधी एकच समजत नाही. तापट माणूस हिशेबाला चोख असू शकतो आणि धांदरट मुलगी अतिशय शांत स्वभावाची असू शकते.

संशोधकही बऱ्याच वळणांनी याच ठिकाणी आले. २००१ साली व्हाइटसाइड व लायनम या अमेरिकन अभ्यासकांनी तोवरच्या अनेक प्रश्नावल्या एकत्र तपासल्या. एकाच नावाखाली किमान चार वेगळे गुण मोजले जात असल्याचे त्यांनी दाखविले: तीव्र भावनेच्या भरात वागणे, पूर्वविचाराचा अभाव, चिकाटीचा अभाव आणि थराराची ओढ. तेव्हा ‘हा मुलगा आवेगशील आहे’ असे कोणी म्हणाल्यास पहिला प्रश्न असा विचारावयास हवा की, यांपैकी कोणत्या अर्थाने?

मोजण्याच्या तीन वाटा

पहिली वाट म्हणजे माणसालाच विचारणे. अर्नेस्ट बॅरट यांनी १९५९ पासून विकसित केलेली प्रश्नावली या क्षेत्रात सर्वाधिक वापरली जाते. तिची १९९५ साली प्रसिद्ध झालेली अकरावी आवृत्ती ३० विधानांची आहे. ‘मी कामांचे नियोजन काळजीपूर्वक करतो’ अशा धर्तीच्या प्रत्येक विधानापुढे ‘क्वचितच’ पासून ‘जवळजवळ नेहमी’ पर्यंतच्या चार पर्यायांतून एक निवडावयाचा असतो. एकूण गुण ३० ते १२० यांच्या दरम्यान येतात आणि त्यांची विभागणी अवधान, कृती व नियोजन अशा तीन अंगांत केली जाते. काही विधाने मुद्दाम उलट्या अर्थाची ठेवलेली असतात, म्हणजे डोळे मिटून एकाच रकान्यात खुणा करणारा ओळखू यावा. ही वाट स्वस्त आणि सोपी आहे. मात्र माणूस स्वतःविषयी जे सांगतो, तेवढेच तिच्या हाती लागते.

दुसरी वाट म्हणजे काम देऊन पाहणे. १९६० च्या दशकात जेरोम केगन यांनी मुलांसाठी एक चाचणी रचली. वर एक चित्र आणि खाली त्यासारखीच दिसणारी सहा चित्रे. त्यांतील अगदी तंतोतंत जुळणारे एकच. मूल पहिले उत्तर किती वेळाने देते आणि किती चुका करते, या दोन्हींची नोंद घेतली जाते. लवकर उत्तर देऊन पुष्कळ चुका करणारे मूल आवेगशील, वेळ घेऊन बिनचूक उत्तर देणारे मूल विचारशील, असा तिचा संकेत आहे. यातील मर्म पालकांनी ध्यानी घ्यावे. नुसते झटपट असणे हा येथे दोष ठरत नाही. झटपट आणि बरोबर उत्तर देणारी मुलेही असतातच.

याच वाटेवर ‘थांबण्याच्या’ चाचण्या येतात. त्या समजावून घेण्यास आपल्या मैदानावरील खो-खो पुरेसा आहे. पाटीवर बसलेल्या खेळाडूचे सारे अंग उठण्यासाठी ताणलेले असते, परंतु खो मिळण्यापूर्वी तो उठला तर फाऊल होतो. संगणकावरील चाचणीतही असेच असते. पडद्यावर एक खूण आली की कळ दाबावयाची. दुसरी आली की हात आवरावयाचा. १९८४ साली लोगन व कोवन यांनी याहून अवघड प्रकार शास्त्रशुद्ध पायावर उभा केला. त्यात दाबण्याची खूण आधीच आलेली असते, हात निघालेला असतो आणि तेवढ्यात थांबण्याचा इशारा मिळतो. निघालेला हात मागे घेण्यास मनाला किती वेळ लागतो, याचा हिशेब त्यातून मांडता येतो. निरोगी तरुणांत हा काळ साधारणपणे एका सेकंदाच्या पाव हिश्श्याच्या आसपास असतो.

तिसरी वाट निवडीची. आज ८५० रुपये घ्याल की महिन्याने १,०००? अशा अनेक प्रश्नांच्या उत्तरांवरून, वाट पाहावी लागल्यामुळे एखाद्याच्या मनात पैशाची किंमत किती वेगाने उतरते, ते काढतात. समजा, महिन्याने मिळणारे १,००० रुपये एखाद्यास आजच्या ८०० रुपयांइतकेच वाटतात. जेम्स मझूर यांनी १९८७ साली मांडलेल्या सूत्रानुसार, दोन महिन्यांनी मिळणारे १,००० रुपये त्यास सुमारे ६६७ रुपयांइतके वाटतील. म्हणजे पहिल्या महिन्यात २०० रुपयांची घसरण, दुसऱ्यात १३३ रुपयांची. किंमत आरंभी झपाट्याने आणि पुढे सावकाश उतरते.

यातून एक गमतीची पण महत्त्वाची गोष्ट निघते. हाच माणूस आजचे ८५० रुपये निवडील, कारण त्याच्या लेखी महिन्याने मिळणारे १,००० म्हणजे आजचे ८००. परंतु हीच जोडी दोन महिने पुढे ढकलली, म्हणजे ६० दिवसांनी ८५० की ९० दिवसांनी १,००० असे विचारले, तर सूत्राप्रमाणे त्यांची आजची किंमत अनुक्रमे ५६७ व ५७१ भरते आणि तो १,००० निवडतो. लांबून पाहताना शहाणपणाचा वाटणारा निश्चय मोह समोर येताच का ढळतो, याचे उत्तर या आकड्यांत आहे. ‘उद्यापासून पहाटे उठून अभ्यास’ हा आपल्या ओळखीचा निश्चयही त्याच जातीचा.

मापे एकमेकांशी जुळत नाहीत

हातात तीन वाटा आहेत, तेव्हा तिन्ही एकाच मुक्कामाला पोहोचाव्यात अशी अपेक्षा असते. तसे घडत नाही. २०११ साली सायडर्स व कोस्कुनपिनार यांनी पूर्वीच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. प्रश्नावलीवरील गुण आणि प्रत्यक्ष कामातील गुण यांच्यातील सहसंबंध अवघा ०.१० च्या आसपास निघाला. पूर्ण मेळ असता तर हा आकडा १ असता आणि मुळीच मेळ नसता तर शून्य. म्हणजे प्रश्नावलीत उतावळे ठरलेले मूल संगणकावरील चाचणीतही उतावळे ठरेलच, असे मुळीच म्हणता येत नाही.

यावरून चाचण्या निरुपयोगी आहेत असे कोणी समजू नये. त्या वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. प्रश्नावली माणसाच्या महिनोन्‌महिन्यांच्या सवयीविषयी विचारते; संगणकावरील चाचणी दहा मिनिटांच्या कामगिरीची नोंद करते, तीही शांत खोलीत, परीक्षकाच्या देखरेखीखाली. शिवाय गटागटांतील फरक दाखविण्यास उत्तम असलेले साधन एकेका व्यक्तीचा न्याय करण्यास कमकुवत असू शकते. शंभर मुलांच्या सरासरीवरून पद्धतीविषयी काही सांगता येते. त्याच चाचणीच्या एका दुपारच्या गुणांवरून एका मुलाचे भवितव्य सांगता येत नाही.

यात भाषेचाही प्रश्न आहे. परदेशी चाचणी मराठीत आणणे म्हणजे केवळ भाषांतर नव्हे. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे मराठी व कानडी मुलांसाठी रूपांतर केले आणि १९४० साली त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा आपल्या मुलांना ठाऊक असलेल्या वस्तू, त्यांची भाषा आणि त्यांच्या वयाची मानके नव्याने ठरवावी लागली. आवेगशीलतेच्या प्रश्नावलीतही हीच कसोटी लागते. ‘मी वारंवार घर बदलतो’ असे विधान ऊसतोड कामगाराच्या मुलापुढे ठेवल्यास तो ‘होय’ म्हणेल आणि त्यास अस्थिरतेचा गुण मिळेल. प्रत्यक्षात ते त्याच्या आईवडिलांच्या रोजगाराचे वर्णन असेल.

थांबणे आणि भरवसा

या विषयातील सर्वांत गाजलेला प्रयोग वॉल्टर मिशेल यांचा. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत त्यांनी लहान मुलांपुढे खाऊ ठेवला. आत्ता खाल्लास तर एकच मिळेल. मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील. पुढे त्यांपैकी काही मुलांचा मागोवा घेतला असता, अधिक वेळ थांबलेली मुले शाळेत पुढे गेल्याचे दिसले. संयम असेल तर यश हमखास, असा त्याचा अर्थ जगभर सांगितला गेला. व्याख्यानांतून व पालकसभांतून तो आपल्याही कानांवर आला आहे.

पुढील संशोधनाने या चित्रात बरीच भर घातली. २०१३ साली सेलेस्ट किड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २८ मुलांवर एक साधा प्रयोग केला. खाऊच्या आधी निम्म्या मुलांना चांगले रंग आणून देण्याचे वचन देऊन ते पाळले आणि निम्म्या मुलांच्या बाबतीत ते मोडले. त्यानंतर वचन पाळले गेलेली मुले खाऊसमोर सरासरी बारा मिनिटे थांबली. वचन मोडले गेलेली मुले अवघी तीन. पहिल्या गटातील १४ पैकी ९ मुलांनी पुरती पंधरा मिनिटे काढली, दुसऱ्या गटातील १४ पैकी एकानेच. दोन्ही गटांत मुले सारखीच होती. समोरच्या माणसावरचा भरवसा तेवढा बदलला होता.

२०१८ साली वॉट्स, डंकन व क्वान यांनी नऊशेहून अधिक मुलांची माहिती तपासली. थांबण्याचा वेळ आणि पुढील शैक्षणिक यश यांचा संबंध पूर्वी सांगितला गेला त्याच्या निम्मा निघाला आणि घरची परिस्थिती जमेस धरल्यावर त्याचाही दोन तृतीयांश भाग गळून पडला. २०२२ साली जपानी व अमेरिकन मुलांची तुलना झाली. जपानी मुले खाऊसाठी अधिक वेळ थांबली, तर अमेरिकन मुले कागदात गुंडाळलेल्या भेटवस्तूसाठी. जपानमध्ये सर्वांची ताटे वाढून होईपर्यंत थांबण्याची रीत आहे. अमेरिकेत भेटी ठरलेल्या दिवशी उघडण्याची. आपल्या वसतिगृहात पंगत पूर्ण वाढून वंदना होईपर्यंत पहिलीतले मूलही ताटाला हात लावीत नाही. या मुलांवर खाऊचा प्रयोग केला, तर त्यांचे थांबणे त्यांच्या स्वभावात मोजावे की पंगतीच्या वळणात?

वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याला पत्र्याची पेटी आठवत असेल. घरून आलेले लाडू काही मुले पंधरा दिवस पुरवीत, काही पहिल्याच रात्री संपवीत. पहिल्या रात्री संपविणाऱ्यास हावरट म्हणण्यापूर्वी त्याच्या पेटीला कुलूप होते का, हे विचारावयास हवे. ठेवलेला लाडू उद्या जागेवर सापडेल याची खात्री नसेल, तर आज खाणे हा हिशेबीपणाच होय.

याच्या उलट बाजूही पाहिली पाहिजे. सातारा जिल्ह्यानेच ती इतिहासाला दाखविली आहे. १९०० साली, ७ नोव्हेंबरला, साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात ज्या भीमरावांचे नाव नोंदविले गेले, त्यांनी पुढील वर्षीच्या प्रवासाची हकीकत आपल्या आत्मकथनपर टिपणांत सांगितली आहे. वडिलांना भेटावयास निघालेली ही भावंडे मसूर स्थानकावर वाट पाहत राहिली, पुढे बैलगाडीने निघाली. जवळ जेवणाची शिदोरी होती, पण अस्पृश्य म्हणून कोणी पाणी दिले नाही, आणि मुले उपाशीच झोपली. जवळ शिदोरी असूनही उपाशी रात्र काढणाऱ्या त्या मुलांची नोंद केवळ घड्याळ लावून करणाऱ्याने ‘उत्तम आत्मसंयम’ अशी केली असती. कोण आपणहून थांबला आणि कोणास थांबविण्यात आले, हे घड्याळाला कळत नाही. ते सांगण्यासाठी माणसाची कहाणी ऐकावी लागते.

उसाचा हंगाम

कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला निवडीच्या चाचणीतील प्रश्न नवा नाही. कारखान्याने ऊस नेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. परंतु लेकीचे लग्न किंवा दवाखाना समोर उभा असेल, तर बिलाची वाट न पाहता कमी दराने, पण रोखीने ऊस देणारा शेतकरी आपण पाहतो. जतसारख्या दुष्काळी तालुक्यातून ऊसतोडीला जाणारे कुटुंब मुकादमाकडून उचल घेते आणि पुढचा सारा हंगाम तिच्या बदल्यात बांधून देते. निवडीच्या चाचणीत ही माणसे ‘आजचे थोडे’ निवडणारी, म्हणून आवेगशील ठरतील. वास्तविक त्यांनी पुष्कळ विचार केलेला असतो. त्यांच्यापुढे पर्यायच तेवढे असतात.

तमिळनाडूतील ऊस उत्पादकांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. ४६४ शेतकऱ्यांची तपासणी दोनदा झाली: तोडणीपूर्वी, पैशांची ओढाताण असताना, आणि तोडणीनंतर, पैसे हाती आल्यावर. एका कामात ‘५ ५ ५’ असे अंक दाखवून अंक किती आहेत ते विचारीत. जिभेवर येते ‘पाच’, बरोबर उत्तर ‘तीन’. ओठांवर आलेले उत्तर आवरण्याची ही कसोटी. तीच माणसे तोडणीनंतर अधिक जलद आणि कमी चुका करीत उत्तरे देऊ लागली. माणूस बदलला नव्हता, हंगाम बदलला होता. सहामाही परीक्षेच्या सुमारास ज्या मुलाचे आईवडील तोडीवर निघून गेलेले असतात, त्याच्या चुकांकडे पाहताना हा अभ्यास आठवणीत असावा.

हजेरीची आठवण

हे सारे इतक्या तपशिलाने सांगण्यास कारण आहे. आपल्या भागाने ‘स्वभावाच्या’ शिक्क्याची किंमत मोजलेली आहे. ब्रिटिश सरकारने १८७१ साली केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. हा कायदा पुढे मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि मातंग, रामोशी अशा समाजांतील माणसांना चावडीवर हजेरी द्यावी लागली. वाळवे तालुक्यातील वाटेगाव त्या काळी सातारा जिल्ह्यात होते, आज सांगलीत आहे. तेथे १ ऑगस्ट १९२० रोजी जन्मलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी १९५९ च्या ‘फकिरा’ कादंबरीत या हजेरीचे चित्र रेखाटले आहे. स्वतंत्र भारतात तो कायदा १९५२ साली रद्द झाला. तेथे कोणतीही चाचणी नव्हती, कोणतेही मोजमाप नव्हते. केवळ जन्मावरून लिहिलेला एक शेरा होता. आज शास्त्राची भाषा हाती आली आहे, तेव्हा तिच्या आडून तोच शेरा पुन्हा लिहिला जाऊ नये, एवढी दक्षता आपण घेतली पाहिजे.

निवासी शाळेने काय करावे

पहिली गोष्ट, शेरा लिहिताना गुणाऐवजी घटना लिहावी. ‘उतावळा’ याऐवजी ‘गणिताचा प्रश्न पूर्ण न वाचता सोडवितो, वाचून घेतल्यास बरोबर सोडवितो’ असे लिहिल्यास पुढील शिक्षकाला उपाय सापडतो आणि मुलाला वाट मोकळी राहते.

दुसरी गोष्ट, खऱ्या अडचणीकडे दुर्लक्ष होऊ नये. काही मुलांना अवधान टिकविणे व स्वतःस आवरणे खरोखरच कठीण जाते आणि त्यांना उपचारांचा लाभ होतो. परंतु ते निदान एका चाचणीवर होत नाही. लक्षणे बारा वर्षांच्या आत सुरू झालेली, किमान सहा महिने टिकलेली आणि घर व शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसलेली असावी लागतात. ते तज्ज्ञांनी करावयाचे काम आहे.

तिसरी गोष्ट संमतीची. वसतिगृहातील मुले संशोधकांना एकाच जागी, आयती सापडतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मुलांवरील संशोधनास पालकांची संमती लागते आणि सात वर्षांवरील मुलाचा स्वतःचा होकारही लागतो. अधीक्षकांची सही पालकांच्या सहीची जागा घेऊ शकत नाही. ‘नको’ म्हणणाऱ्या मुलास त्याचा त्रास होणार नाही, हे त्यास समजेल अशा शब्दांत सांगितले गेले पाहिजे.

चौथी गोष्ट आपल्या दैनंदिन परिपाठाविषयी. चंचल चित्तास वळण लावता येते, ही शिकवण धम्मपदाच्या चित्तवग्गातून आपण मुलांना देतो आणि आनापानाचा सरावही करवून घेतो. त्याचा लाभ होतो असे जगापुढे म्हणावयाचे असेल, तर सराव करणारा व न करणारा असे दोन गट हवेत, दोन्हींची सरावाआधी व नंतर एकाच साधनाने तपासणी हवी आणि तपासणाऱ्यास कोणता विद्यार्थी कोणत्या गटातला, हे ठाऊक नसावे. स्वतः पारखून घ्या, ही शिकवण असलेल्या परंपरेस अशी पारख परकी वाटू नये.

आणि अखेरची गोष्ट, जी कोणत्याही चाचणीविना आजपासून करता येते. मुलास दिलेला शब्द पाळावा. रविवारी भेटावयास येतो म्हटले, तर पालकांनी यावे. येणे जमत नसेल तर शनिवारीच निरोप धाडावा. सहल, बक्षीस, नवी वही यांपैकी जे देऊ असे शाळेने सांगितले, ते ठरल्या दिवशी द्यावे. पेटीला कुलूप द्यावे. उद्यावर भरवसा ठेवता येतो हे ज्या मुलाने पुन्हा पुन्हा अनुभवले, त्याला थांबण्यात अर्थ वाटू लागतो. शाळेतून बाहेर पडलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनीही, आज ते जेथे आईबाप, शिक्षक वा अधिकारी म्हणून उभे आहेत तेथे, हाताखालच्या लेकरांना एवढा भरवसा द्यावा, अशी आमची विनंती आहे.